फतकलीच्या वशाची कहाणी

जिवतीबाई, कडेवरचं मूल खाली ठेवायची तुम्हांला सवड नाही, ठाऊक आहे. तसंच घेऊन बसा, आणि आपली कहाणी ऐका.

आटपाट नगर होतं. नगराला वेस नव्हती, उड्डाणपूल होता, आणि तो कायम अर्धाच बांधलेला होता. पुलापलीकडे उंच उंच इमारती होत्या. त्यांतल्या एकीत शाल्मली नावाची बाई राहत होती. तिचा नवरा निनाद, आणि त्यांची एक लेक, तिचं नाव जुई. घरात काही उणं नव्हतं. धान्याचे डबे भरलेले, कपड्यांचं कपाट भरलेलं, आणि शाल्मलीचं डोकं तर काठोकाठ. ती शिकलेली होती. शिकलेल्या बाईला मूल झालं म्हणजे ती काय करते? आधी वाचते. शाल्मलीनं सगळं वाचलं. वाचलं तसं भय वाढलं. भय वाढलं तसं आणखी वाचलं.

जुई पालथी पडली, तर शाल्मली म्हणे, फार लवकर पडली का? जुई रांगली, तर म्हणे, उशिरा रांगली का? जुई झोपेत हसली, तर म्हणे, हे असं कारण नसताना हसणं बरं का?

मग एके दिवशी खिडकीत कावळा आला. जुईनं बोट दाखवलं. म्हणाली, "काऊ!" लेकीचा पहिला शब्द. दुसरी कुणी असती तर तिनं पोर उचलली असती, पापे घेतले असते, शेजारीपाजारी साखर वाटली असती. शाल्मली म्हणाली, "शाब्बास! कावळा. कावळ्याचा रंग कोणता? कावळ्याला पाय किती? कावळा राहतो कुठं?" कावळा उडून गेला. जुईनं तोंड मिटलं.

मग शाल्मलीची रजा संपली. जुई कुमुदमावशींच्या पाळणाघरात जाऊ लागली. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढं पायऱ्या, पायऱ्यांशी चपलांची मांडणी. सकाळी शाल्मली लेकीला सोडी, ऑफिसात जाई. संध्याकाळी येई, दारातूनच मावशींना तीन प्रश्न विचारी. "काय खाल्लं? झोपली का? शी झाली?" मावशी तीन उत्तरं देत. "वरणभात खाल्ला, झोपली, झाली." मग ती लेकीला घेऊन घरी येई. मनात म्हणे, माझ्या पोरीचा सगळा दिवस वरणभात खाण्यात गेला. आता ही मागं पडणार. मग ती शिकवायला बसे.

भिंतीवर फळांचा तक्ता लावला, शेजारी भाज्यांचा लावला, त्याच्यावर वाहनांचा लावला. फ्रिजवर "फ्रिज" लिहून चिकटवलं. खुर्चीवर "खुर्ची" चिकटवलं. एके सकाळी निनाद सोफ्यावर डुलक्या घेत होता, त्याच्या सदऱ्यावर "बाबा" चिकटवलं. तो तसाच खाली दूध आणायला गेला. वॉचमन म्हणाला, "साहेब, माहीत आहे."

असं होता होता श्रावण आला. शाल्मलीनं अर्ध्या दिवसाची सुटी काढली. जिवतीबाईंचा कागद भिंतीवर लावला. वाहनांचा तक्ता थोडा सरकवावा लागला. आघाड्याची माळ घातली, दूर्वा वाहिल्या, पुरणाचे दिवे केले. पाटावर जुईला बसवलं. दीड वर्षांची पोर, दिव्यांकडं बघून खुदकन हसली, हात पुढं केला. शाल्मली म्हणाली, "थांब. आधी सांग, दिवे किती? मोज बघू. एक... एक... म्हण, एक." पोर म्हणेना. दिवे विझत आले. पुरण वितळायला लागलं. "बरं, पुरणाचा रंग तरी सांग."

भिंतीवरून जिवतीबाई हे बघत होत्या. त्यांच्या मांडीवर एक, कडेवर एक, पदर धरून दोन, पायाशी लोळणारी वेगळीच. आजवर एकालाही त्यांनी रंग विचारला नव्हता. त्या मनात म्हणाल्या, "हिनं ओवाळलं नाही, परीक्षा घेतली. पण नवखी आहे. बघू तरी."

मग जिवतीबाई फुलवाल्या म्हातारीच्या रूपानं दारी आल्या. म्हणाल्या, "बाई, लेक पायाशी आलीय. जरा बस तिच्यापाशी." शाल्मली म्हणाली, "बसू कशी? फुलांचा तक्ता राहिलाय." मग जिवतीबाई लिफ्टमधल्या म्हातारीच्या रूपानं आल्या. म्हणाल्या, "बाई, लेक तोंडाकडं बघतेय. जरा बस तिच्यापाशी." शाल्मली म्हणाली, "आजी, आम्ही मजले मोजतोय, आता मध्ये बोलू नका." मग जिवतीबाईंनी फोन केला. "बाई, जरा बस गं तिच्यापाशी." शाल्मली म्हणाली, "राँग नंबर."

देवीला कोप आला. म्हणाल्या, "एवढं का हिचं अडलंय शिकवण्यावाचून! आजपासून हिची लेक आपली जीभ पाळणाघरात चपलांच्या मांडणीत ठेवील. सकाळी गेली की घालील, संध्याकाळी आई आली की काढून ठेवील, आणि तशीच घरी येईल." असा शाप दिला, आणि पायाशी लोळणाऱ्याचं नाक पुसलं.

झालं. जुई घरात बोलेना. पाणी हवं, तर पेल्याकडं बोट. केळं हवं, तर तक्त्यातल्या केळ्याकडं बोट. शाल्मली म्हणे, "बोल. के... के..." जुई तिच्या ओठांकडं बघे, सिनेमा बघावा तशी, आणि निघून जाई. असं वर्ष फिरत आलं. शाल्मलीला अन्न गोड लागेना.

मग ती डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर म्हणाले, "स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा उघडला, तर ही बाहेरच्या खोलीतून धावत येते का?" "उघडायच्या आधीच येते." "मग कान उत्तम आहेत. घाबरू नका, थोडं थांबून पुन्हा दाखवा."

मग ती फोनमधल्या आयांच्या मंडळाला शरण गेली. एकीनं सांगितलं, वेखंड उगाळून लावा. दुसरीनं सांगितलं, शंखातलं पाणी द्या. तिसरी म्हणाली, आमचा शर्विल तर या वयाला सगळ्या देशांच्या राजधान्या सांगायचा. शाल्मलीनं तिसरीला मनातल्या मनात जे सांगितलं, ते व्रताच्या दिवशी वाचण्यासारखं नाही.

मग ती नवऱ्याकडं गेली. निनाद म्हणाला, "बोलेल गं. मीसुद्धा उशिराच बोललो." शाल्मलीनं त्याच्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो अजून पुरतं बोलत नव्हता. तिची काळजी दुप्पट झाली.

पुन्हा श्रावण आला. पहिला शुक्रवार आला. शाल्मलीला सुटी मिळाली नाही. लेक पाळणाघरात, आई ऑफिसात. काय करावं? लेकरू समोर नसलं तर बायका चारी दिशांना अक्षता टाकतात, हे तिला आठवलं. तिनं येतानाच डबीत अक्षता घेतल्या होत्या. दुपारी जिन्यात गेली. एक मूठ उगवतीला टाकली, एक मावळतीला टाकली, एक वर टाकली. एक मूठ खाली टाकली, ती जिना चढणाऱ्या साहेबांच्या टकलावर पडली. साहेब वर बघून म्हणाले, "कुणाचं लग्न?" शाल्मलीनं हात जोडले. तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "जिवतीबाई, जिथं माझी जुई असेल तिथं ती हसत असू दे. माझ्याशी नाही बोलली तरी चालेल."

त्यांतला एक दाणा वाऱ्यावर चढला. अर्धा पूल पुलावरून गेला, उरलेला अर्धा तसाच अधांतरी गेला, आणि जिवतीबाईंच्या ओटीत पडला. देवी चपापल्या. म्हणाल्या, "अगंबाई! हिच्या तोंडून आज पहिल्यांदा असं काही आलं की ज्यात विचारणं नाही. आता हिच्यापाशी गेलं पाहिजे."

इकडं शाल्मलीचं कामात चित्त लागेना. डोकं दुखतं म्हणून सांगितलं, ते खरंही होतं, आणि लवकर निघाली. पाळणाघराशी आली. खिडकी उघडी होती. आतून आवाज आला.

"ए बंट्या! तिथं नको जाऊ, ओलंय. पललास तल मी नाही हं उचलनाल. मावशी! याची चड्डी उलटी आहे. मावशी, उद्या शिला आहे का? माझ्या आईला शिला आवलतो."

शाल्मली म्हणाली, कोण बाई ही चुरुचुरु बोलणारी? हिची आई भाग्याची. मग तिनं डोकावून पाहिलं. कमरेवर हात ठेवून मधोमध कोण उभी? जुई!

शाल्मली धावली. "जुई! माझं बाळ! काय म्हणालीस? पुन्हा म्हण!" जुई आईला बघून पळत आली, पायऱ्या उतरली, आईला मिठी मारली, चपला घातल्या, आणि तोंड मिटलं. शाल्मलीनं तिला पुन्हा आत सोडलं. आत गेली, "बंट्या, माझी आई आली!" बाहेर काढलं, गप्प. आत सोडलं, पोपट. बाहेर काढलं, मुकी. शाल्मलीनं खाली बसून चपलांच्या मांडणीत हात घालून पाहिला. एक मोजा सापडला, तोही दुसऱ्याचा.

कुमुदमावशी बाहेर आल्या. शाल्मली म्हणाली, "मावशी, ही बोलते?"

"ही? अहो जुईची आई, हिला गप्प करायला मी शेंगदाणे देते."

"मला कधी सांगितलं नाहीत!"

"तुम्ही कुठं विचारलंत? तुमचे तीन प्रश्न ठरलेले. मला वाटलं, घरी हीच बडबड ऐकून कान किटत असतील, म्हणून इथं तेवढंच विचारता."

असं म्हणून मावशी बंट्याची चड्डी सुलटी करायला आत गेल्या. शाल्मली तिथंच उभी राहिली. वर्षभर तिला वाटत होतं, पोरीला बोलता येत नाही. त्या दुःखाला निदान डॉक्टर होता. आता कळलं की बोलता येतं, पण माझ्याशी बोलायचं नाही. याला औषध कुठं मिळणार? शिरा आवडतो असं कधीतरी म्हणाले होते मी, आणि हिच्या ते लक्षात आहे. लक्षात सगळं आहे. फक्त सांगायला मी नको आहे.

तशात तिला पायरीवर एक म्हातारी दिसली. फतकल मारून बसलेली. एक पोर तिच्या मांडीवर, एक पाठीवर, एक तिच्या वेणीचा लगाम करून "चल घोड्या" म्हणत होतं. पाळणाघरात म्हातारी दिसली की ती कुणाची तरी आजी असणार, असं सगळे धरून चालतात. मावशींना वाटलं होतं जुईची आजी, शाल्मलीला वाटलं बंट्याची. कुणी काही विचारलं नव्हतं. जुई गेली आणि सरळ तिच्या मांडीवर जाऊन बसली.

शाल्मली म्हणाली, "आजी आजी, काय करता?"

"बसलेय."

"बसून काय करता?"

"बसतेय."

"आणि मुलं का अशी चिकटतात तुम्हांला?"

"माझा वसा आहे."

"तो कसला वसा? मला सांगा."

म्हातारी म्हणाली, "तुला कशाला हवा वसा? उतशील, मातशील, मध्येच तक्ता आणशील."

"उतणार नाही, मातणार नाही, तक्ता आणणार नाही."

मग म्हातारी म्हणाली, "ऐक तर. श्रावणातल्या शुक्रवारी धरावा, रोज करावा. दिवेलागणीला घरी यावं, हातपाय धुवावेत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, पालथा. जमिनीवर फतकल मारावी. हात रिकामे ठेवावेत. लेकरू आलं तर येऊ द्यावं, गेलं तर जाऊ द्यावं. त्याला विचारू नये, त्याला शिकवू नये, त्याचं सुधारू नये. ते जे करील त्यात आपण व्हावं. शेवटच्या शुक्रवारी पुरणाच्या दिव्यांनी ओवाळावं. दिवे मोजू नयेत."

"आणि असं केलं म्हणजे काय होईल? साधारण किती दिवसांत फरक दिसतो?"

म्हातारी उठायला लागली. शाल्मलीनं तिचा पदर धरला. "चुकले. नाही विचारत."

"हेच जमव," म्हातारी म्हणाली, आणि पाठीवरचं पोर सावरत कोपऱ्यावर वळली. पोर परत कुणी आणून सोडलं, ते कुणालाच सांगता आलं नाही.

शाल्मलीनं वसा घेतला. पहिल्या संध्याकाळी हातपाय धुतले, फोन पालथा घातला, फतकल मारली. पाठ भरून आली. पायाला मुंग्या आल्या. जुई आली, तिनं आईकडं पाहिलं, ही काही विचारेल म्हणून थांबली, विचारलं नाही तशी संशय आल्यासारखी निघून गेली. स्वयंपाकघरात कुकरनं शिट्टी दिली. निनाद घरी आला, घाबरून म्हणाला, "काय झालं? पडलीस का?"

"वसा आहे."

"बरं," म्हणाला, आणि कुकर बंद करायला गेला. आहे तो तसा गुणी.

पुढं जुईनं निळा ठोकळा आणून आईच्या गुडघ्यावर ठेवला. शाल्मलीच्या ओठांवर "निळा" आला. ओठ दाबले. जुईनं त्यावर लाल ठेवला. "लाल" आला. गिळला. मग पिवळा ठेवला, मनोरा झाला, आणि शाल्मलीच्या तोंडून निसटलं, "किती झाले गं?" जुई उठली. मनोरा पाडला. दुसऱ्या खोलीत गेली. वसा मोडला. शाल्मलीनं कपाळावर हात मारला, आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं धरला.

मग एकदा जुईनं चित्रातल्या गाईला भाकरी भरवली, शाल्मलीनं विचारलं नाही गाय काय देते. मग एकदा जुईनं आईच्या डोक्यावर टोपलं घातलं, शाल्मली टोपल्याखाली बसून राहिली. आत काळोख होता, कांद्याचा वास होता. तिला वाटलं, शर्विल आता नद्या शिकत असेल, आणि मी टोपल्याखाली आहे. माझं चुकतंय का? आधी चुकत होतं ते बरं होतं का? मग टोपलं कुणीतरी हळूच उचललं. दोन डोळे आत आले. हसले. टोपलं पुन्हा पडलं. शाल्मली म्हणाली, असू दे. मी इथंच बरी.

असं करता करता शेवटचा शुक्रवार आला. घरात जुईच्या तोंडून शब्द अजून नव्हता. शाल्मली घाईघाईनं ऑफिसातून निघाली, पुलाखाली अडकली, पाळणाघरात पोचायला उशीर झाला. पुरण शिजवायला वेळ उरला नाही. वाटेत पुरणपोळ्या विकत घेतल्या, घरी येऊन त्यांच्या पोटातलं पुरण काढलं, त्याचे दिवे वळले. दिवे वाकडे झाले. ती म्हणाली, "जिवतीबाई, चालवून घ्या. मी अशीच आहे." ताट तयार केलं. पण दिवेलागण झाली होती. आधी वसा. ताट बाजूला ठेवलं, फतकल मारली.

जुई आली. हातात तिची झोपायची चादर. आईच्या खांद्याला हात लावून ढकललं. शाल्मली आडवी झाली. जुईनं तिच्यावर चादर घातली, ती गुडघ्यापर्यंतच पुरली. शेजारी बसली. आईच्या छातीवर थोपटू लागली. आणि म्हणाली,

"ललायचं नाही. डोले मीट. आई ऑफिसला गेली. आई येनाल. झोपून उठलं की येनाल."

घरात आवाज! शाल्मलीच्या ओठांवर आलं, "येनाल नाही, येणार." दाबलं. दुसरं आलं, "पुन्हा म्हण!" तेही दाबलं. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं.

जुई म्हणाली, "ललू नको म्हटलं ना. शानी ना तू?" मग उठली. आईच्या चपला पायात घातल्या, आईची पर्स खांद्याला लावली. पर्स जमिनीवरून फरफटली. दाराबाहेर गेली, दाराआत आली. चादरीतल्या आईपुढं उभी राहिली. घाईच्या, दमलेल्या आवाजात म्हणाली, "काय खाल्लं? झोपली का? शी झाली?"

शाल्मलीला उत्तर देता येईना. तीन प्रश्न, तिन्ही सोपे, आणि तोंडात जीभच नाही असं झालं. तिला एवढंच कळलं की आई आली होती, दिवसभर जिची वाट बघितली ती आई, आणि ती चपला घालून उभी होती. चादरीतून तिनं दोन्ही हात वर केले.

जुईनं थोडा विचार केला. पर्स काढली. चपला काढल्या. फतकल मारली. आईचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं, त्यातलं मावेल तेवढं. म्हणाली, "बशले. बोल."

शाल्मली म्हणाली, "मला आज तुझी आठवण आली. दुपारी खूपच आली. मी जिन्यात जाऊन बसले."

जुई म्हणाली, "मला पन आली. बंट्या चावला. मी पन चावले. मावशी म्हनाली चावायचं नाही, तल आम्ही नाही चावलो. मग शिला होता. तुझ्याशाथी थेवला खिशात."

खिशात शिरा होता. खरोखरच होता. शाल्मलीनं तो खाल्ला. फ्रॉकच्या दोऱ्यासकट खाल्ला.

मग ताट आणलं, दिवे लावले. जुई पाटावर बसली. शाल्मलीनं ओवाळलं. कुणी मोज म्हटलं नाही, तशी जुई आपणच बोट नाचवून म्हणाली, "एक, दोन, शात, खूप!" शाल्मली म्हणाली, "खूप." भिंतीवर जिवतीबाईंनी कडेवरचं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं, आणि शाप पदरात बांधून ठेवला.

त्या दिवसापासून जुई बोलू लागली. सकाळी बोले, जेवताना बोले, न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून आतल्या माणसाशी बोले. मग एकदा निनाद म्हणाला, "शाल्मली, वसा जरा जास्तच फळला का गं?" शाल्मली म्हणाली, "तुला काय वाटतं? डॉक्टरांना विचारू का?" म्हणजे भिणं काही गेलं नाही. ते जायचं व्रत अजून कुणी सांगितलेलं नाही. पण दिवेलागणीला ती फतकल मारते, आणि भिणं बिचारं शेजारी बसून राहतं.

जशा जिवतीबाई शाल्मलीला प्रसन्न झाल्या, तशा तुम्हां-आम्हां होवोत. ज्यांची लेकरं घरी आहेत त्यांना, ज्यांची पाळणाघरात आहेत त्यांना, आणि ज्यांची इथंच ताटाभोवती पळताहेत त्यांनाही. कुणाची जीभ मांडणीत राहू नये, कुणाची आई पुलाखाली अडकू नये. ही साठां प्रश्नांची कहाणी, पांचा बोबड्या बोलीं सुफळ संपूर्ण.